दोन फौजा आणि एक कॅरम

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला, वय २७. घरची केळीची शेती, मी स्वतः ठिबकच्या दुकानात कामाला. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना रूममेटमुळे वॉरहॅमरचा, म्हणजे छोट्या आकृत्यांच्या फौजा टेबलावर मांडून फाशांनी लढायच्या खेळाचा, आणि त्यातल्या एज ऑफ सिग्मारचा नाद लागला. गावी परत आलो तरी नाद सुटला नाही. चार वर्षांत साधारण ७० हजार रुपये गेले. कपाटात १४० मिनिएचर, म्हणजे तशा आकृत्या, आहेत, त्यातले रंगवलेले फक्त ११. स्कॅव्हनटाइडचा दोन फौजांचा मोठा बॉक्स घेतला, त्यातले स्टॉर्मकास्ट म्हणजे चिलखतवाले जोडले, समोरच्या फौजेतले उंदीर अजून स्प्रूवरच, म्हणजे प्लॅस्टिकच्या फ्रेमवरच, आहेत. आणखी दोन बॉक्स सीलबंद पडून आहेत. इथं खेळायला एक माणूस नाही. शेवटचा गेम दीड वर्षापूर्वी पुण्यात झाला.

गेल्या जूनमध्ये वादळानं आमची बाग आडवी झाली आणि त्याच आठवड्यात ४,२०० रुपयांचं पार्सल आप्पांच्या हातात पडलं. ते एवढंच म्हणाले, "हाई बाहुल्या खेळानं वय शे का तुनं?" तेव्हापासून घरात या विषयावर कोणी बोलत नाही. आई कपाट पुसते, उघडत नाही. बहिणीची मुलगी सातवीत आहे, ती सुटीत आली की डोकावते, पण तुटाफूट नको म्हणून मी तिला हात लावू देत नाही. यंदा माझ्या लग्नाचं बघतायत.

सगळं विकून टाकू का? की थ्रीडी प्रिंटर घेऊन खर्च कमी करू? रंगवायला बसलो की हात उचलत नाही, त्याचं काय करू?

– एक वाचक, चोपडा तालुका

प्रिय भाऊ,

तुझ्या पत्रात आकडे बरेच आहेत, पण मला टोचलं ते एक वाक्य. "मी तिला हात लावू देत नाही." इथं खेळायला एक माणूस नाही असं तू लिहितोस, आणि चार ओळी पुढे, जिला खेळायचंय तिलाच कपाटापासून लांब ठेवतोस.

आधी थेट उत्तरं देते. सगळं विकू नकोस. प्रिंटर आत्ता घेऊ नकोस. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एका रुपयाची नवी खरेदी करू नकोस. आणि ते उंदीर कपाटातून बाहेर काढ.

उंदीर का, ते सांगते. पुण्या-मुंबईत हा खेळ ज्या पद्धतीनं चालतो तीच तू डोक्यात घेऊन आलास. तिथं प्रत्येकजण आपापली फौज डब्यात घालून आणतो, टेबल आणि समोरचा माणूस आयता मिळतो. चोपड्यात, धुळ्यात, नंदुरबारला तसं नाही. आपल्याकडे ज्याच्या घरात खेळ आहे त्यानंच दोन्ही बाजू मांडायच्या असतात. कॅरम खेळायला बोलावताना आपण कुणाला "येताना सोंगट्या घेऊन ये" म्हणत नाही ना?

हे मला स्वतःला कळायला तीन वर्षं लागली. मी धुळ्यात मुलांना चित्रकला शिकवते. माझ्या भावानं एकदा मला धातूचे चार गॉब्लिन आणून दिले, रंगवून बघ म्हणाला. मला ते इतके आवडले की मी गॉब्लिनच वाढवत बसले. घरी कोणी आलं की फौज दाखवायची, नियम सांगायचे आणि शेवटी म्हणायचं, तूपण एखादी फौज घे, मग खेळू. कोण घेणार? लोक कौतुक करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. मग एका दिवाळीच्या सुटीत मी समोरची बाजूही रंगवली. हाडांचे बारा सांगाडे, फार काही नाही. त्याच आठवड्यात शेजारचा बारावीतला मुलगा खेळला, पुढच्या आठवड्यात त्यानं त्याच्या मावशीला आणलं. मावशी आजही येतात, आणि सांगाडेच घेतात.

तुझ्याकडे तर दोन बाजू एकाच खोक्यात आल्यात. स्कॅव्हनटाइड हा एज ऑफ सिग्मारच्या चौथ्या आवृत्तीचा, २०२४ चा बॉक्स. त्यात एकीकडे जड चिलखतातले मोजके स्टॉर्मकास्ट आणि दुसरीकडे झुंडीनं येणारे स्कॅव्हन, म्हणजे तुझे उंदीर. खेळ मुळातच जोडीनं विकलेला आहे. तू त्यातली अर्धी जोडी घेतलीस आणि अर्धी प्लॅस्टिकच्या फ्रेमवर सोडून दिलीस. दीड वर्षं तुझ्यासमोर कोणी बसलं नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

याच आवृत्तीबरोबर स्पिअरहेड नावाचा छोटा खेळ आला, तो तू वाचला असशीलच. दोन ठरलेल्या तुकड्या, चार फेऱ्या, पॉइंट्सची बेरीज-वजाबाकी नाही. साधारण तासाभरात डाव संपतो. त्या बॉक्समधल्या दोन्ही बाजूंची तशी एकेक तुकडी बनते. मैदान लागतं ३० बाय २२ इंचांचं. आता तुमच्या घरातला कॅरम आठव. मोठ्या कॅरमचा आतला पृष्ठभाग २९ इंचांचा चौरस असतो. इंचभर कमी पडतं, घरच्या डावात तेवढं चालतं. वर जाडसर कापड अंथर, चार कोपऱ्यांतली भोकं आधी पुठ्ठ्यानं झाक. चारही बाजूंना लाकडी काठ असल्यानं फासे पलंगाखाली पळत नाहीत. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलाचं स्वप्न सध्या बाजूला ठेव.

आता रंगवायला हात उचलत नाही त्याबद्दल. हा आळस नाही. १४० आकृत्यांकडे एकदम बघितलं की माझाही हात उचलणार नाही. त्या कपाटातल्या १३० तू एका खोक्यात भर, खोक्याला चिकटपट्टी लाव आणि ते माळ्यावर टाक. समोर फक्त पाच उंदीर ठेव. पाच झाले की पुढचे पाच.

उंदीर स्टॉर्मकास्टपेक्षा सोपे आहेत, हेही लक्षात घे. सोन्याचं गुळगुळीत चिलखत एक डाग सहन करत नाही. तुझे ११ रंगवून झाल्यावर काम अडलं ते बहुतेक याच सोन्यापायी. उंदीर मळका, त्याची लोकर राठ, अंगावर चिंध्या, हत्यार गंजलेलं. ब्रश घसरला तरी शोभतं. आधी काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. तो वाळला की जुना, फताडा झालेला ब्रश घे, मेकअपचा असला तर फारच छान. त्यावर थोडा मळकट पांढरा घे आणि कागदावर पुसत राहा. कागदावर उमटेनासा झाला की उंदराच्या पाठीवरून हलकेच फिरव. आणि इथं जरा थांबून बघ. केसांच्या टोकांवर, कानाच्या कडेवर, बोटांच्या पेरांवर उजेड बसतो आणि खाचेत अंधार राहतो. अंगठ्याएवढा तो उंदीर तुझ्या हातात जागा होतो. मग त्यावर कॉन्ट्रास्ट नावाच्या रंगासारखा पातळ, पारदर्शक तपकिरी रंग सोडला की तो आपला आपण खाचांत उतरतो. लोकर झाली. शेपूट, नाक आणि पंजे फिक्या गुलाबीत. चिंध्यांना एकच रंग, सगळ्या झुंडीला तोच. मातकट लाल घे, उठून दिसतो. डोळ्यांच्या नादी लागू नकोस, हातभर अंतरावरून डोळे दिसतच नाहीत.

रंग नेहमी पाण्यानं पातळ कर, ताकाइतका. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ दे, नाहीतर कोरलेलं नाक-तोंड रंगाखाली बुजतं. आपल्या हवेत प्लेटमधला रंग बघता बघता सुकतो. त्यावर उपाय म्हणजे चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर आणि त्या कागदावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. स्टेशनरीतले ॲक्रिलिक रंग बेसला, म्हणजे आकृतीच्या पायाखालच्या चकतीला, आणि घराभिंतींना खुशाल वापर, तिथं महागडी बाटली उघडायची गरज नाही. चेहऱ्याला मात्र तुझ्याकडचे बारीक दळलेलेच रंग घे.

प्रायमरचा स्प्रे याच महिन्यात उरकून टाक. माझी चूक सांगते. एका मे महिन्यात, दुपारी दोनला, मी धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, पुठ्ठ्यावर अठरा आकृत्या उभ्या करून स्प्रे मारला. ऊन म्हणजे लवकर वाळेल, एवढाच विचार केला. त्या उन्हात रंगाचे कण वाटेतच सुकले आणि आकृत्यांवर भुकटी होऊन बसले. हात फिरवला तर सँडपेपर. अठराच्या अठरा स्पिरिटमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासाव्या लागल्या, दोघांचे भाले तुटले. आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा स्प्रेला हातच लावायचा नाही, आणि श्रावणातल्या दमट दिवसांतही नाही. आत्ता थंडी आहे, हवा कोरडी आहे, सकाळी दहा-अकराची वेळ उत्तम. रेझिनची एखादी आकृती तुझ्याकडे असेल तर पत्र्याच्या खोलीत ठेवू नकोस, तलवारी वाकतात. वाकलीच तर गरम पाण्यात धर, बोटानं सरळ कर आणि लगेच गार पाण्यात बुडव.

मैदान सजवायला बाहेरून काही मागवायचं नाही, असं मी तुला बजावून सांगते. शेताच्या बांधावर उभा राहून बघ. तुराट्यांचे पेरभर तुकडे एकाशेजारी एक चिकटवले की कुंपण झालं. केळीचं वाळलेलं पान पट्ट्या करून बसवलं की झोपडीचं छप्पर. आपली काळी माती चहाच्या गाळणीनं गाळ, तव्यावर नीट भाजून घे म्हणजे बुरशी धरणार नाही, आणि फेव्हिकॉलनं बेसवर बसव. वर पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं सोडला की ती झडत नाही. जर्मनीतून आलेली शोभेची माती मी पाकिटातून वापरून बघितली आहे, तिला हा रंग नाही. थर्माकोलची टेकडी करशील तर तिच्यावर थेट स्प्रे मारू नकोस, थर्माकोल विरघळतं. आधी फेव्हिकॉलमध्ये काळा रंग कालवून त्याचा जाड लेप दे.

आता आप्पा.

"बाहुल्या" या शब्दाचं तुला लागलं, ते मी समजू शकते. तुझ्या मनाच्या समाधानासाठी सांगते. युद्धाचा खेळ टेबलावर मांडून त्यातून डोकं चालवायला शिकवणं, हे प्रशियाच्या सैन्यानं १८२४ पासून अधिकाऱ्यांसाठी अधिकृतपणे केलं. एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले. वॉरहॅमर स्वतः १९८३ चा आहे, म्हणजे तुझ्यापेक्षा कितीतरी मोठा. ही सगळी मोठ्या माणसांची करणी आहे. पण यातलं अक्षरही आप्पांना ऐकवू नकोस, कारण त्या दिवशी त्यांचं दुःख बाहुल्यांचं नव्हतंच. घड लागलेली झाडं डोळ्यांसमोर आडवी झालेली, पंचनाम्याला कोण कधी येईल त्याचा पत्ता नाही, आणि दारात पार्सल. त्यांनी जे बघितलं ते त्या घटकेला कोणत्याही बापाला खुपलं असतं.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. ७० हजार हा आकडा तू मला कळवलास. घरात सांगितलास का? पत्रावरून वाटतं, नाही. चूक तिथं आहे. पगार तुझा आहे, चार वर्षांत ७० हजार म्हणजे महिन्याला दीड हजाराच्या आत आलं, यात लाजण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं तर अजिबात नाही. पण लपवलेला दीड हजार घरातल्यांना पंधरा हजारांसारखा वाटतो. तेव्हा एका संध्याकाळी आप्पा आणि आई दोघं ओट्यावर असताना आकडा सांगून टाक. समजावू नकोस, वाद घालू नकोस. एवढे गेले, माझ्या पगारातले गेले, तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ते चुकलं. जूनमधल्या त्या पार्सलचं वेगळं बोल. "त्या आठवड्यात ते यायला नको होतं," एवढं म्हण. ते काही बोलणार नाहीत कदाचित. नाही बोलले तरी चालेल.

मग पुढचं सांग. सालदाराचं साल आपल्याकडे आखाजीला बदलतं, तसं या खेळाचंही साल आखाजी ते आखाजी धर. वर्षाचा एक आकडा ठरव, आईच्या समोर वहीत लिही, आणि त्यापलीकडे जायचं नाही. हा आकडा मी ठरवणार नाही, तुझ्या घराची ओढाताण तुला माहीत. मात्र हे सामान स्वस्त होण्याची वाट बघत "आत्ता घेऊन ठेवू" असं करू नकोस. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, तेव्हा किती जणांनी घाबरून खोकीच्या खोकी भरून ठेवली. आजही त्यातली बरीच सीलबंदच असतील.

सीलबंदवरून आठवलं. ते दोन बॉक्स विक. न उघडलेल्या बॉक्सला चांगला भाव येतो, स्प्रूवरचं सामानही बऱ्यापैकी जातं, पण जोडून अर्धवट रंगवलेल्या आकृत्या मातीमोल होतात. म्हणून विकायचं तर तेवढंच विक, बाकीच्याला हात लावू नकोस. पुण्या-मुंबईच्या खेळाडूंच्या ग्रुपवर टाक, रूममेटला सांग. आलेले पैसे आईच्या हातात दे आणि कशाचे ते सांग.

प्रिंटरचं थोडक्यात. रेझिनच्या प्रिंटरमधून आकृत्या सुंदर निघतात, पण कच्चं रेझिन अंगाला लागणं वाईट, त्याचा वास वाईट, हातमोजे, मास्क, हवेशीर वेगळी खोली, अल्कोहोलनं धुणं आणि ते वापरलेलं अल्कोहोल मोरीत न ओतणं, एवढं सगळं आलं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत हे करू नये. शिवाय आठ तासांचं प्रिंट सहाव्या तासाला लाइट गेल्यावर वाया जातं, आणि लोडशेडिंग तुला मी सांगायला नको. यापेक्षा मोठी अडचण म्हणजे तुला आकृत्या कमी पडतच नाहीयेत. कमी पडतंय ते समोरचं माणूस.

लग्नाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मीही जास्त लिहीत नाही. मुलगी बघायला गेलात आणि तुम्हा दोघांना बोलायला वेळ दिला की छंद विचारतात. तेव्हा "क्रिकेट" सांगू नकोस. खिशात एक रंगवलेला उंदीर असू दे.

आप्पांविषयी आणखी एक, मग भाचीकडे वळते. पोळ्याला घरच्या बैलांची शिंगं कोण रंगवतं? माझ्या आजोळी हे काम आजोबा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. शिंगं तासून घ्यायची, हिंगूळ लावायचा, तो वाळू द्यायचा, मग बेगडाच्या पट्ट्या, टोकाला गोंडे. एक रेघ वाकडी गेली तर ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा. तुमच्याकडे आप्पा हे करत असतील तर रंगकाम काय असतं ते त्यांना तुझ्या-माझ्याइतकंच कळतं. म्हणून रंगवायचं काम दार लावून करू नकोस. ओट्यावर बस, उजेड चांगला असतो. ते येता-जाता बघतील. बोलावू नकोस, दाखवू नकोस, फक्त बस.

आखाजीला बहीण माहेरी येईल, भाची सोबत असेल. झोके बांधलेले असतील, कुठं पत्त्यांचे डाव बसलेले असतील, घरात पाहुण्यांची वर्दळ. त्या दिवशी तू कॅरम काढ. तोवर दोन्हीकडच्या तुकड्या तयार हव्यात. पूर्ण रंगवून झाल्या नसतील तर काळ्या प्रायमरवरच्या उजेडानिशीही चालतील. पहिल्या डावाला जादू, खास नियम, कार्डं, सगळं बाजूला ठेव. चालायचं किती इंच आणि मारायचं कसं, दोनच गोष्टी. फासे तिला टाकू दे. वीस फासे दे तिच्या ओंजळीत आणि सांग, चार किंवा त्याहून जास्त आलं की लागलं. साधारण दहा लागतील. ते दहा पुन्हा टाकायचे, पुन्हा चार किंवा वर, पाच राहतील. मग तू तुझ्या चिलखताचे फासे टाक, तीन किंवा वर आलं की वाचलास. वीस उंदरांच्या झुंडीतून चिलखताला एक-दोन घाव पोचतात, हे तिनं दोन वेळा स्वतःच्या हातानं बघितलं की तिसऱ्या वेळी ती स्वतःच म्हणेल, "मामा, मी समोरून नाही येत, मागून येते." त्या वाक्यासाठी थांब. तोपर्यंत तिला कुठून कसं जायचं ते सुचवू नकोस, आणि मुद्दाम हरूही नकोस, मुलांना ते लगेच कळतं.

बाजू तिला निवडू दे. ती उंदीर घेईल, माझी खात्री आहे.

आणि डावात एखादी शेपूट तुटली तर तिच्यासमोरच फेव्हिक्विकची ट्यूब काढ, सुईच्या टोकावर थेंब घे, आणि दहापर्यंत आकडे तिला मोजायला सांगून ती शेपूट तिच्याच बोटांत धरून ठेवायला दे.

तुझी,
ताई